भिंतीवरचं गाव

लेकीच्या परदेशातल्या घरी पहिल्यांदा गेलेल्या बापाची नजर आपोआप ऑडिटरसारखी होते. फ्रीज केवढा, देव कुठे मांडलेत, घराचे हप्ते अजून किती वर्षं चालणार, जावई भांडी घासतो का... सगळं न विचारता तपासून होतं. मी तर चौतीस वर्षं बँकेत काढलेला माणूस. त्यामुळे गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघं पिट्सबर्गला मुलीकडे पोचलो, तेव्हा चहा होईपर्यंत माझी तपासणी जवळजवळ पूर्ण झाली होती. एकाच गोष्टीपाशी मी अडलो.

दिवाणखान्यात सोफ्याच्या वर एक मोठी चौकट लावलेली होती. लांबून वाटलं, चहाच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या कागदावरचं एखादं निसर्गचित्र असावं. जवळ गेलो तर तो नकाशा निघाला. पण शाळेत आपण रंगवायचो तसला सपाट नकाशा नव्हे. घारीनं आकाशातून तिरकी मान करून खाली पाहावं, तसं अख्खं शहर समोर पसरलेलं. नद्या, नद्यांवरचे पूल, पाण्यातल्या बोटी, रस्ते, आणि रस्त्यांच्या दोन्ही बाजूंना घरं... एकेक घर वेगळं काढलेलं. छपरं आहेत, खिडक्या आहेत, धुराडी आहेत. मी चष्मा कपाळावर सरकवला आणि नाक काचेला टेकेपर्यंत पुढे झालो.

‘‘बाबा, तो आमचं गाव आहे तो. १९०२ सालचं,’’ मुलगी चहाचा ट्रे घेऊन येता येता म्हणाली.

‘आमचं गाव’ हे शब्द मला जरा लागले. सौभाग्यवतींनाही लागले असावेत. ‘‘अगं, तुझं गाव वाई,’’ ती म्हणाली. ‘‘इथं येऊन तुला नऊ वर्षं झाली. १९०२ साली तुझं इथं कोण होतं?’’

मुलगी हसली. मग अगदी साधेपणानं तिनं विचारलं, ‘‘वाईचा असा नकाशा कुठे मिळतो, बाबा? मिळत असेल तर सांग. उद्या हा काढते आणि तो लावते.’’

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हतं. पुढचे तीन महिने मी त्या नकाशाखाली बसून काढले, आणि आज हा लेख लिहितोय, तो त्या एका प्रश्नामुळे.

जखमी घोट्याचा चित्रकार

नकाशाच्या खाली चित्रकाराचं नाव होतं : टी. एम. फाउलर. थॅडियस मॉर्टिमर फाउलर. नाव वाचलं आणि माझ्यातला कादंबरीकार जागा झाला. जावयानं संगणक उघडून दिला, गावातल्या सार्वजनिक वाचनालयात नेऊन सोडलं, आणि एकेक गोष्ट उलगडत गेली.

फाउलरचा जन्म १८४२ सालचा, मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेलचा. अमेरिकेतल्या यादवी युद्धात तो उत्तरेच्या बाजूनं लढला आणि १८६२ साली बुल रनच्या दुसऱ्या लढाईत त्याचा घोटा जखमी झाला. आता गंमत पाहा. ज्याचा घोटा असा दुखावला, त्या माणसानं पुढची पन्नासेक वर्षं काय केलं? गावोगाव पायी हिंडला! चारशेहून अधिक गावांची आणि शहरांची अशी विहंगम चित्रं त्यानं काढली. त्यातली निम्म्याहून जास्त एकट्या पेनसिल्व्हेनिया राज्यातली.

विहंगम चित्र म्हटलं की वाटतं, हा माणूस फुग्यात बसून वर जात असेल. तसं काही नव्हतं. हे सगळं काम जमिनीवरून व्हायचं. आधी गावाच्या रस्त्यांचा साधा नकाशा मिळवायचा. त्यावरून, दोन-तीन हजार फुटांवरून तिरकं पाहिलं तर हे रस्ते कसे दिसतील, त्याची एक चौकट कागदावर आखून घ्यायची. मग वही-पेन्सिल घेऊन गल्लीन् गल्ली चालायची. प्रत्येक इमारतीसमोर उभं राहून तिचं चित्र काढायचं. मजले किती, खिडक्या किती, छप्पर कसं, दारात झाड आहे की नाही. नंतर खोलीत बसून ते प्रत्येक घर त्या चौकटीत आपापल्या जागी बसवायचं. म्हणजे पाहणं आकाशातून, पण पाय मात्र धुळीत! पोस्टमन सोडला तर गावातली इतकी दारं दुसऱ्या कुणी पाहिली नसतील.

आणि हा एकटा फाउलर नव्हता. प्रशियातून आलेला अल्बर्ट रूगर हा मूळचा गवंडी. त्याच्याशिवाय ओकली बेली, हेन्री वेलगी, ल्युशियन बर्ले. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये या प्रकारचे दीड हजारांहून जास्त नकाशे जपून ठेवलेले आहेत, आणि त्यांतले निम्म्याहून अधिक या पाच जणांच्या हातचे आहेत. १८६०च्या दशकाच्या अखेरीपासून १९२०पर्यंत ही मंडळी आगगाडीनं या गावाहून त्या गावी जात राहिली.

बँकवाल्याच्या नजरेतून

या धंद्याची रीत वाचली आणि मला आमच्या शाखेतल्या ठेवी गोळा करण्याच्या मोहिमा आठवल्या. गावात शिरायचं, वर्तमानपत्राच्या संपादकाला भेटायचं, चार व्यापारी गाठायचे. ‘‘शेजारच्या गावानं आपला नकाशा काढून घेतला, तुम्ही मागे कसे?’’ म्हणून विचारायचं. हा प्रश्न जगात कुठेही विचारा, कोल्हापुरात विचारा की पेनसिल्व्हेनियात, त्याचं उत्तर एकच असतं! गावानं होकार दिला की वर्गणीदार नोंदवायचे. कच्चं चित्र तयार झालं की ते गावात मांडून ठेवायचं. लोक येऊन पाहणार, चुका दाखवणार, ‘‘माझ्या घराला सज्जा आहे, तो राहिला’’ म्हणून भांडणार, आणि भांडून झालं की एक प्रत नोंदवून जाणार. ज्यांची ऐपत जास्त, ते वेगळे पैसे भरून आपल्या कारखान्याचं किंवा बंगल्याचं मोठं चित्र नकाशाच्या कडेला छापून घेणार.

मग ते चित्र शिळाप्रेसवर छापलं जाई. जर्मनीत सेनेफेल्डरनं १७९६ साली दगडावरून छापण्याची ही युक्ती काढली होती. ती स्वस्त पडे. एक प्रत साधारण दोन ते पाच डॉलरांना जाई. त्या काळच्या मजुराला त्यासाठी दोन-तीन दिवस राबावं लागलं असतं. पण दुकानदाराला, डॉक्टरला, शाळामास्तरला ती परवडत होती. आणि मुख्य म्हणजे, त्या चित्रात त्याचं स्वतःचं घर असे! राजाचं चित्र, देवाचं चित्र कुणीही विकेल. पण ‘हे बघ, हे आपलं घर’ असं बोट ठेवून दाखवता येईल असं चित्र विकणाऱ्याच्या अकलेला मी दाद देतो.

अर्थात गिऱ्हाईक पैसे देतं म्हटल्यावर चित्र थोडं गिऱ्हाइकाच्या बाजूनं झुकणारच. कर्जाचा अर्ज तरी कुठे पूर्ण खरा असतो? या नकाशांतले रस्ते असतात त्याहून रुंद दिसतात. प्रत्येक धुराड्यातून धूर निघतो, कारण धूर म्हणजे भरभराट. प्रत्येक रुळावर गाडी धावत असते. जी इमारत अजून कागदावरच आहे, ती कधीकधी बांधून पूर्ण झालेली दाखवलेली असते. चिखल, उकिरडे, मजुरांच्या खोल्यांतली गर्दी मात्र दिसत नाही. त्याच काळात डॅनियल सॅनबॉर्ननं सुरू केलेली कंपनी आग-विम्यासाठी अमेरिकेतल्या गावांचे नकाशे काढत होती. विटांचं घर गुलाबी, लाकडाचं पिवळं. आमच्यासारख्या कर्ज देणाऱ्यांना ते जास्त उपयोगाचे. पण ते भिंतीवर कोण लावणार? माणूस भिंतीवर जोखीम लावत नाही, अभिमान लावतो.

जे होतं, जे नाही

एक दिवस मुलीनं आम्हाला माउंट वॉशिंग्टनवर नेलं. पिट्सबर्गची ही टेकडी नदीच्या काठालाच उभी आहे, आणि वर जायला तिरक्या रुळांवरून चढणारा लाकडी डबा आहे. ड्यूकेन इनक्लाइन म्हणतात त्याला. १८७७ सालापासूनचा आहे. चारशे फूट वर गेलो, कठड्याशी उभे राहिलो, आणि तो भिंतीवरचा नकाशा जिवंत होऊन समोर आला. अ‍ॅलेगेनी आणि मोनोंगाहेला या दोन नद्या एकत्र येतात आणि ओहायो नदी सुरू होते. हिनं तिथल्या तिथे हात जोडले. संगम दिसला की हात जोडायचे, हे माहुलीच्या माहेरवाशिणीला कुणी शिकवावं लागत नाही.

मी मात्र फोनमध्ये त्या नकाशाचा फोटो घेऊन आलो होतो, आणि एकेक जागा ताडून पाहत होतो. १९०२ साल म्हणजे या शहराच्या पोलादी ऐश्वर्याचं साल. आदल्याच वर्षी अँड्र्यू कार्नेगीनं आपला पोलादाचा पसारा जे. पी. मॉर्गनला विकला होता आणि यू. एस. स्टील ही जगातली पहिली अब्ज डॉलरची कंपनी उभी राहिली होती. संगमाच्या टोकावर त्या काळी रेल्वेचे रूळ आणि वखारी होत्या. आज तिथं हिरवळ आहे, आणि १९७४ सालापासून एक उंच कारंजं आहे. त्या हिरवळीत १७६४ सालची विटांची एक लहानशी चौकी तेवढी उभी आहे. तिनं दोन्ही पाहिलं. गिरण्यांची धुराडी १९८०च्या दशकात एकेक करून थंडावली. आता तिथं इस्पितळं आहेत, विद्यापीठं आहेत, आणि माझ्या मुलीसारखे संगणकवाले आहेत. धूर गेला हे चांगलंच झालं. पण त्या धुरावर ज्यांची चूल पेटत होती त्यांचं काय झालं, हे टेकडीवरून दिसत नाही.

शहराच्या मध्यवस्तीला लागून हिल डिस्ट्रिक्ट नावाचा भाग आहे. नाना देशांतून आलेल्या गरिबांची आणि पुढे मुख्यतः कृष्णवर्णीयांची ही वस्ती. १९५०च्या दशकाच्या अखेरीस ‘सुधारणा’ म्हणून तिचा खालचा भाग पाडला. सुमारे आठ हजार माणसं हलवली. त्या जागेवर भलं मोठं घुमटाचं क्रीडागृह बांधलं, ते १९६१ साली उघडलं. आणि पन्नास वर्षांनी, २०११-१२मध्ये, ते क्रीडागृहही पाडून टाकलं! ज्यांची घरं गेली त्यांच्या नातवंडांना आज आजीचं घर कुठे होतं हे शोधायचं असेल, तर जुने नकाशे आणि जुने फोटो एवढाच आधार उरतो.

टेक्ससच्या किनाऱ्यावरच्या गॅल्व्हेस्टन गावाचं असंच एक सुंदर चित्र ऑगस्टस कॉख यानं १८८५ साली काढलेलं आहे. रांगेनं घरं, बंदरात गलबतं. ८ सप्टेंबर १९०० रोजी समुद्र त्या गावावरून गेला. सहा हजारांहून अधिक माणसं दगावली, असा अंदाज आहे. ते चित्र आता मी नुसतं ‘सुंदर’ म्हणून पाहू शकत नाही. फाउलरनं १९१८ साली एका जोडीदाराबरोबर ओक्लाहोमातल्या टल्सा शहराचा नकाशा काढला. तीनच वर्षांनी, १९२१ साली, वंशद्वेषानं पेटलेल्या जमावानं तिथल्या कृष्णवर्णीयांच्या ग्रीनवुड वस्तीचे पस्तीसेक चौक जाळून टाकले. चित्रकारानं वर्गणीदारांना खूश करायला चित्र काढलं होतं. नकळत तो साक्षीदार झाला.

फाउलर स्वतः कामावरच गेला. १९२२ साली, वयाच्या ऐंशीच्या घरात, न्यूयॉर्क राज्यातल्या मिडलटाउनमध्ये नकाशाचं काम करताना तो बर्फावरून घसरून पडला. त्या पडण्यातून तो उठला नाही. त्याचा जोडीदार ओकली बेली मात्र १०३ वर्षं जगला, १९४७पर्यंत. त्यानं विमान पाहिलं, विमानातून काढलेले फोटो पाहिले. जे काम आम्हाला महिनोन् महिने लागायचं ते हा कॅमेरा एका मिनिटात करतो, हे त्यानं म्हातारपणी कबूलही केलं होतं.

आपल्या भिंती

‘‘पण मग आपल्याकडे असं का नाही झालं?’’ मुलीनं एका रात्री जेवताना विचारलं.

अगदीच नाही असं नाही. गाव वरून पाहण्याची हौस जुनी आहे. याकोपो द बार्बारी यानं १५०० साली व्हेनिसचं असं चित्र सहा लाकडी ठशांवर कोरवून घेतलं; तयार व्हायला तीन वर्षं लागली होती. जर्मनीत कोलोनला ब्राउन आणि होगेनबर्ग यांनी १५७२ साली जगातल्या शहरांच्या चित्रांचा ग्रंथ काढायला घेतला, त्याच्या पहिल्याच खंडात आपला गोवा आहे, दीव आहे, कालिकतही आहे. गोव्याच्या आर्चबिशपकडे चिटणीस असलेला यान हायखेन फान लिन्सखोटेन हा डच माणूस मायदेशी परतला. १५९६ साली त्यानं आपल्या प्रवासाचं पुस्तक छापलं, त्यात गोवा शहराचा घरंन् घरं दाखवणारा नकाशा घातला. तो माझ्या पणजीच्या एका मित्राच्या ओसरीवर आजही टांगलेला आहे. छापील प्रतच, पण झकास! ते शहर मात्र साथींनी ओस पडलं, १८४३ साली राजधानी पणजीला गेली. जुन्या गोव्यात आज चर्चेस उभी आहेत आणि त्यांच्यामध्ये जी गजबजलेली आळी होती तिथं माड आहेत. पालिताण्याच्या शत्रुंजय डोंगराचे कापडावरचे मोठमोठे पट जैन मंडळी पिढ्यान् पिढ्या रंगवत आली आहेत. ज्यांना डोंगर चढवत नाही ते कार्तिकी पौर्णिमेला त्या पटाचंच दर्शन घेतात. तोही एक नकाशाच, फक्त चालण्यासाठी नव्हे, हात जोडण्यासाठी.

पण सामान्य घरातल्या भिंतीचं काय? ज्या काळात रूगर आणि फाउलर गावं छापत होते, त्याच काळात आपल्याकडेही शिळाप्रेस आला होता. १८७८ साली पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकारानं चित्रशाळा निघाली. १८९४ साली मुंबईत राजा रविवर्म्याचा छापखाना निघाला, पुढे तो मळवलीला गेला. दगड तेच, शाई तीच, कारागीरही काही जर्मनीचेच. त्यांनी आपल्या भिंतींवर लक्ष्मी आणली, सरस्वती आणली. आमच्या वाड्याच्या माजघरात रविवर्म्याची लक्ष्मी होती, आजोबांचा पगडीतला फोटो होता, खुंटीला छत्री होती, आणि पुढे मी नोकरीला लागल्यावर आमच्या बँकेचं कॅलेंडर. गाव कुणी लावलं नाही. लावायचं कशाला? दार उघडलं की गाव होतंच.

आणि हेच त्याचं उत्तर असावं. अमेरिकेतली ती गावं नवी होती. लोक कुठून कुठून आलेले, ‘आता आम्ही इथले’ हे त्यांना भिंतीवर ठोकून सांगायचं होतं. आपण हजार वर्षं एका जागी राहिलो, म्हणून जागा कुठे जाईल असं कधी वाटलंच नाही. मुलीच्या भिंतीवर १९०२चं पिट्सबर्ग का, हे मला तेव्हा कळलं. तीसुद्धा त्या नव्या लोकांतलीच आहे. तिनं गाव निवडलंय, आणि निवडलेल्या गावाचा ती पूर्वज शोधते आहे.

आता या नकाशांचा मोठा बाजार झाला आहे. लायब्ररी ऑफ काँग्रेसनं मूळ नकाशे इंटरनेटवर मोकळे ठेवले आहेत. जुने असल्यामुळे त्यांच्यावर कुणाचा हक्क उरलेला नाही. कुणीही उतरवून घ्यावेत, छापावेत. दुकानदार ते कॅनव्हासवर छापतात, मुद्दाम पिवळट करतात, कडा फाटल्यासारख्या दाखवतात. घ्यायचा तर पिवळटपणावर जाऊ नका. नकाशातली एखादी खिडकी भिंगातून पाहा. रेषा स्वच्छ दिसली तर छपाई चांगली, तुटक ठिपके दिसले तर पैसे परत खिशात. प्रतीला मूळ समजून मुळाची किंमत देऊ नका. आणि थेट उन्हासमोर टांगू नका. बाकी तुमची भिंत आणि तुमचं गाव.

चतुःसीमा

परत आलो. मुलीचा प्रश्न बरोबर आला होता.

इथं मला एक जुनी गोष्ट सांगायला हवी. वाईला मधल्या आळीत आमचा वाडा होता. दिंडी दरवाजा, ओसरी, चौक, मागे परसात आड. २००९ साली तो आम्ही विकला. ‘आम्ही’ म्हणजे मी. दादा, माझे थोरले बंधू, त्यांची इच्छा नव्हती. मी त्यांच्यापुढे कागद ठेवला आणि हिशेब मांडला. दुरुस्तीला इतके, विकून येणारे इतके, त्यावर व्याज इतकं. हिशेबात एका पैशाची चूक नव्हती. दादांनी चष्मा लावला, आकडे वाचले, एक शब्द न बोलता सही केली. सहा महिन्यांत तिथं चार मजले उभे राहिले. वाड्याचा दर्शनी भागाचा असा एकही फोटो आमच्याकडे नाही. मुंजीचे आहेत, लग्नाचे आहेत. सगळ्यांत माणसं दारासमोर उभी आहेत आणि दार माणसांनी झाकलेलं आहे.

त्यानंतर आमच्यात भांडण झालं नाही. बोलणं कमी झालं, एवढंच.

या दिवाळीनंतर मी वाईला दादांच्या फ्लॅटवर गेलो. फाउलरची सगळी गोष्ट त्यांना सांगितली. मग पिशवीतून कागदाची मोठी गुंडाळी काढली आणि म्हणालो, ‘‘दादा, आपण वाई काढू या. आपल्या लहानपणची, १९६५-७०च्या सुमाराची.’’

‘‘तुला चित्र काढता येतं?’’

‘‘नाही.’’

‘‘मलाही नाही,’’ दादा म्हणाले. आणि थोड्या वेळानं, ‘‘आण तो कागद इकडे.’’

बँकेतल्या नोकरीनं मला एक गोष्ट दिली होती, ती आता कामी आली. कोणतंही जुनं खरेदीखत काढा, त्यात चतुःसीमा लिहिलेल्या असतात. पूर्वेस अमक्यांचं घर, पश्चिमेस सरकारी रस्ता, दक्षिणेस तमक्यांची पडीक जागा, उत्तरेस बोळ. तारणाच्या कागदांत आयुष्यभर मी त्या नुसत्या टिक करत आलो. आता लक्षात आलं, प्रत्येक खत चार शेजारी सांगतं, आणि त्या चौघांची खतं आणखी चार-चार. अशी एकेक चतुःसीमा जुळवत गेलं तर आख्खी आळी उभी राहते! सिटी सर्व्हेच्या नकाशाची नक्कल काढली. ओळखीच्या घरांतून जुनी खतं पाहायला मागितली. शाळेतले तिघे सोबती रोज संध्याकाळी यायला लागले.

मग काय भांडणं! गणपती आळीच्या कोपऱ्यावर पिंपळ होता की उंबर? दळणाची गिरणी बोळाच्या अलीकडे की पलीकडे? ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे, पुराचं पाणी दुभंगून जावं म्हणून. ती कुणालाच काढता येईना. शेवटी पाचही जण, वयाची बेरीज साडेतीनशेच्या पुढे, काठ्या टेकत घाटावर गेलो आणि भिंत पाहून आलो. फाउलरचा घोटा मला त्या दिवशी कळला.

वरून गाव कसं दिसतं, हा प्रश्न मात्र पडला नाही. पसरणीचा घाट होता ना! लहानपणी पाचगणीला जाताना एस.टी. वळणावर आली की वडील खिडकीतून बोट दाखवायचे. ‘‘तो गणपतीचा कळस. त्याच्या डावीकडे छपरं मोजा... ते आपलं घर.’’ आम्हाला ते कधीच दिसलं नाही. आम्ही दोघंही ‘‘दिसलं, दिसलं’’ म्हणायचो.

आळी भरत आली. आमच्या वाड्याची जागा तेवढी कोरी राहिली. माझा हात तिथं जाईना. फाउलर जे अजून बांधलं नव्हतं ते काढत असे. इथं मी जे विकून पाडायला लावलं, ते कोणत्या तोंडानं काढू?

एका संध्याकाळी बाकीचे निघून गेल्यावर दादांनी माझ्या हातातली पेन्सिल घेतली.

‘‘तू ते काढू नकोस,’’ ते म्हणाले. ‘‘तुला पायऱ्या आठवत नाहीत.’’

त्यांनी ओठ घट्ट मिटून, थरथरत्या हातानं, दिंडी दरवाजा काढला. त्याच्यापुढे पायऱ्या काढल्या. एक, दोन, तीन... मी म्हणालो, ‘‘पाच होत्या.’’ ‘‘सात,’’ दादा म्हणाले, ‘‘खालच्या दोन रस्त्यात गेल्या. रस्ता वर आला तेव्हा. तू सातारला शिकायला होतास.’’

सातच होत्या. मी काही बोललो नाही. दादांनी पेन्सिल ठेवली, कागद लांब धरून पाहिला आणि म्हणाले, ‘‘वाईट नाही जमला. कौलं उद्या घालू. चहा घेणार?’’

पंधरा वर्षांत त्यांनी मला चहा विचारला नव्हता असं नाही. पण या वेळी आम्ही तो घेऊन पुढे दोन तास बसलो.

आमचा नकाशा काही लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जाणार नाही. कृष्णामाई वळण घेते ती थोडी जास्तच वळली आहे, मेणवलीचा वाडा वाईत शिरल्यासारखा दिसतो, आणि पांडवगड एका बाजूला कलला आहे. पण कोपऱ्यात फाउलरच्या रीतीप्रमाणे आकडे घालून यादी दिली आहे. एक, ढोल्या गणपती. दोन, काशीविश्वेश्वर. तीन, शाळा. अशी चौपन्न ठिकाणं. त्याच्या चार प्रती सातारला छापून घेतल्या. एक दादांच्या भिंतीवर आहे. एक परवा नळकांड्यात घालून पिट्सबर्गला पाठवली.

मुलीचा फोन आला. तिनं १९०२चं पिट्सबर्ग काढलेलं नाही. शेजारी लावलीय वाई. नात त्या दोन नकाशांसमोर खुर्चीवर उभी राहून विचारत होती, ‘‘आजोबा, यात आपलं घर कुठलं?’’

मी म्हणालो, ‘‘देवळाचा कळस सापडला? आता डावीकडे छपरं मोज.’’

ती बराच वेळ मोजत होती.